चारशे उलट्या कांदळांचं चिंतन

दुमागेते,
रविवार, चर्चहून आल्यावर

प्रिय आणि आदरणीय नीनांग होविता,

इथूनच तुमचा हात कपाळाला लावते. गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो का, की डॉक्टरांनी दिलेलं तेल खरंच लावायला लागलात? (आई म्हणते, तुम्ही तेल बाटलीतच ठेवता आणि गुडघ्याला नुसता दम देता.) आमच्याकडे सगळं ठीक आहे. आई ठीक, बाबा ठीक, कोंबड्यासुद्धा ठीक. फक्त मी ठीक नाही. माझ्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून तुम्ही मला हातात धरून फादरांना सांगितलं होतंत म्हणे, की या मुलीची जबाबदारी आजपासून माझीही आहे. त्याला आता सतरा वर्षं झाली. ते वाक्य तुमच्या लक्षात असेल अशी आशा धरून हे पत्र लिहिते आहे.

फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर माणसाला मध्येच तोडता येतं. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं.

तर आमच्या शाळेचा नियम असा, की शेवटच्या दोन वर्षांत नुसता अभ्यास करून प्रमाणपत्र मिळत नाही. समाजसेवा करा, एखादी कला करा, एखादा खेळ खेळा, मग मिळतं. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. हातपाय धड आहेत, करू. पण यातलं काहीही केलं की त्यावर चिंतन लिहावं लागतं. मी काय शिकले, माझ्यात काय बदललं, कोणत्या आव्हानाला मी कशी सामोरी गेले, असं सगळं. आणि ते चिंतन तपासायला आहेत आल्मासेन सर. सर वाईट नाहीत हो. सडपातळ, नेहमी घाम पुसणारे, हिरव्या शाईचा पेन वापरणारे गृहस्थ आहेत. पण त्यांना सगळं खोल लागतं. खेळ म्हणून मी आर्निस घेतलं आहे (बाबा म्हणाले, काठी फिरवायला शिकलीस तर निदान कोंबड्या तरी तुझं ऐकतील). पहिल्याच आठवड्यात माझी जोडीदारीण जिनाली हिनं वेताची काठी माझ्या अंगठ्यावर हाणली. अंगठा कच्च्या केळ्यासारखा सुजला. मी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अंगठा आत ठेवावा हे मी शिकले.’ सरांनी हिरव्या शाईत शेरा मारला, ‘ही माहिती झाली. चिंतन कुठे आहे? अजून खोल जा.’ मी जिनालीला विचारलं, आता आणखी किती खोल? ती म्हणाली, दुसरा अंगठा पुढे कर.

समाजसेवेसाठी आम्हाला बाकावान या गावी पाठवलं. किनाऱ्यावरचं गाव आहे, मोठ्या वादळात तिथला किनारा निम्मा वाहून गेला होता. तेव्हापासून तिथे कांदळ लावतात. कांदळाच्या लांब हिरव्या शेंगा चिखलात रोवायच्या, त्यांना मुळं फुटतात, मग समुद्र जरा नमतं घेतो. हे काम वीस वर्षं एकटीनं अंगावर घेतलेल्या बाई म्हणजे नानाय पुरिंग. वय बहात्तर, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र भोंग्यासारखा. कांदळाची रोपवाटिका त्यांची, शेंगा त्यांच्या, चिखल त्यांचा, आणि आम्ही गेल्या क्षणापासून आम्हीही त्यांचे. त्या मला इंदाय म्हणतात. इंदाय सगळ्याच पोरींना म्हणतात, पण त्या म्हणाल्या की त्यात ‘नालायक’ हा शब्द न उच्चारता ऐकू येतो. ‘इंदाय, पाय उचलून चाल, चिखल आहे, नाचायची फरशी नाही!’ ‘इंदाय, ती शेंग आहे, तुझी काठी नाही!’

पहिल्या शनिवारी ओहोटीला आम्ही बाराजण गुडघाभर चिखलात उतरलो. नानाय बांधावर बसून हुकूम सोडत होत्या. म्हणाल्या, टोकदार बाजू खाली रोवा. आता नीनांग, कांदळाची शेंग तुम्ही पाहिली आहे का? तिला दोन्हीकडे टोक असतं. मी दोन्हीकडून बघितली, जिनालीनं बघितली, मग मी शेंग उंच धरून ओरडले, ‘नानाय, अशीच ना?’ त्या म्हणाल्या, ‘अश्शीच! शाबास!’ मी पुन्हा खात्री करून घेतली. म्हटलं, ‘हे जाड टोक खाली ना?’ वारा होता, त्यांना काय ऐकू गेलं देव जाणे, पण त्यांनी हात उंचावून पुन्हा शाबासकी दिली. चारशे शेंगा लावल्या. माझ्या कंबरेचे तुकडे झाले. त्या रात्री मी चिंतनात लिहिलं, की मला निसर्गाशी एकरूप झाल्यासारखं वाटलं. (वाटलं नव्हतं. चिखल कानात गेला होता.) सरांचा शेरा, ‘उथळ.’

तीन आठवड्यांनी गावच्या कप्तानबाईंचा (म्हणजे निवडून आलेल्या, बोटीवरच्या नव्हेत) शाळेत फोन. चारशेच्या चारशे शेंगा उलट्या रोवल्या आहेत. सगळ्या वाळून चालल्या. आणि नानाय पुरिंग अख्ख्या गावाला ऐकवत फिरताहेत, की या शाळेतल्या पोरांना जमिनीकडे काय असतं आणि आकाशाकडे काय हेसुद्धा शिकवलेलं नाही! सरांनी आम्हाला उभं करून विचारलं. मी म्हटलं, सर, आम्ही दोनदा विचारलं, त्यांनीच शाबास म्हटलं. सर म्हणाले, ‘क्लारिबेल, दुसऱ्याला दोष देणं हा चिंतनाचा शत्रू आहे.’ शिक्षा अशी झाली, की चारशे शेंगा नव्यानं लावायच्या, आणि मी गटप्रमुख असल्यामुळे झालेल्या चुकीवर एक स्वतंत्र चिंतन, खोल. तोपर्यंत माझी समाजसेवा अपूर्ण. इतकी चिडले होते मी! त्या बाईंनी मला तोंडावर शाबास म्हटलं होतं, नीनांग.

पुढच्या शनिवारी मी मनातल्या मनात भांडण पाठ करत बाकावानला गेले. भरती उतरायची होती, म्हणून मी आणि जिनाली बास्केटबॉलच्या मैदानात आर्निसचा सराव करत बसलो. अंगठा अजून धड नव्हता. जिनालीनं वार केला आणि माझी काठी हातातून सुटून गरगरत गेली ती थेट मैदानातून चाललेल्या नानायांच्या नाकासमोरून. चार बोटं अंतर असेल. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही. जिनाली थक्क झाली. म्हणाली, बघ, याला म्हणतात धैर्य, यावर चिंतन लिही. मलाही क्षणभर आदर वाटला, आणि भांडण करायच्या वेळी आदर वाटला की फार पंचाईत होते.

त्याच मैदानाची एक भिंत आमच्या कलेसाठी दिलेली आहे. तिच्यावर कांदळ, मासे आणि मधोमध एक मोठा खेकडा असं चित्र आम्हाला काढायचं होतं. रंग यायचे होते, म्हणून त्या दिवशी भिंतीला नुसता पांढरा हात मारून ठेवला होता. नानाय तिथे येऊन थांबल्या, कमरेवर हात ठेवले, भिंतीकडे बराच वेळ बघितलं आणि मान डोलावून म्हणाल्या, ‘खेकडा बरा जमलाय. नांग्या मात्र लहान आहेत.’

जिनाली हसली. तिला वाटलं, थट्टा आहे. मी हसणार होते, पण मग ती काठी आठवली, ती शाबासकी आठवली, आणि माझं पाठ केलेलं भांडण कुठल्या कुठे गेलं.

मी जिनालीला पाणी आणायला पिटाळलं आणि नानायांच्या शेजारी बसले. म्हटलं, ‘नानाय, भिंत कोरी आहे.’

नानाय पुरिंग इतक्या हळू आवाजात बोलल्या की आजूबाजूचे कुत्रेसुद्धा वळून बघू लागले. (त्यांना हळू आवाज आहे हे मला तेव्हा कळलं.) म्हणाल्या, ‘किती कोरी?’

‘संपूर्ण.’

‘मग तू खेकडा काढणार होतीस हे कप्तानीण का बोलली मला?’

‘काढणार आहोत. अजून काढला नाही.’

‘इंदाय, कुणाला सांगशील तर तुझीच काठी तुझ्या डोक्यात घालीन.’

‘दिसली तर घालाल ना,’ मी म्हटलं. तोंडून निघून गेलं, नीनांग, आणि लगेच जीभ चावली. पण त्या हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पाणी हसू थांबल्यावरही थांबलं नाही.

दोन वर्षांपासून सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसतंय म्हणाल्या. जवळचं हातांना कळतं. शेंग हातात दिली तर डोळे मिटूनही वरची बाजू कुठली ते त्या सांगतात. पण बांधावरून आम्ही त्यांना नुसते ठिपके दिसत होतो. मनिलातल्या मुलाला कळलं तर तो त्यांना नेऊन चौथ्या मजल्यावर ठेवील. ‘तिथे खिडकीतून काय दिसतं विचारलं मी त्याला. म्हणाला, समोरची खिडकी.’ गावाला कळलं तर रोपवाटिका काढून घेतील. म्हणून मग आमच्यावर ओरडणं. मी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? दाखवलं होतं. पिशवीत घडी घालघालून फाटायला आलेली चिठ्ठी होती. मोतीबिंदू. दोन्ही डोळे. ऑपरेशन केलं की दिसेल. मग करत का नाही? तर म्हणे, गेले आणि आले तर गाव विचारणार कुठे गेली होतीस.

आता मला सांगा, अशा बाईवर माणसानं रागवायचं तरी कसं? मी रागावलेच होते, अजूनही थोडी आहे. पण घरी येऊन ते स्वतंत्र चिंतन लिहायला बसले तेव्हा खरं लिहायची सोय उरली नव्हती. लिहिलं, की सूचना दिल्या जात असताना माझं लक्ष स्वतःकडे होतं, मी ऐकण्याचं नाटक केलं, वयानं मोठ्या माणसाच्या अनुभवापुढे मी नम्र झाले नाही, आणि चारशे रोपांनी माझ्या अहंकाराची किंमत मोजली. यात एक अक्षर खरं नाही. सरांनी हिरव्या शाईत तीन उद्गारचिन्हं काढली! ‘अखेर!!! हेच ते खोल!’ आणि सोमवारी ते सगळ्या शाळेसमोर वाचून दाखवलं. जिनालीला खरं ठाऊक नाही, त्यामुळे ती आता मला अहंकार म्हणून हाक मारते. दीड वर्षात मी लिहिलेलं हे सगळ्यात खोटं चिंतन, आणि तेवढंच पास झालं.

चारशे शेंगा आम्ही दोन शनिवारांत पुन्हा लावल्या. या वेळी नानाय बांधावर बसल्या नाहीत. चिखलात आमच्या मध्ये उभ्या राहिल्या, एकेक शेंग बोटांनी चाचपून, वरची बाजू वर करून हातात देत गेल्या. शिव्या तशाच. सगळ्या शेंगा ताठ उभ्या आहेत आणि काहींना वर इवली पानं फुटली आहेत. मी ती पाहिली. त्यांनी वाकून बोटांनी पाहिली.

पत्र फार लांबलं. गुडघ्याला तेल लावा. तुमचा हात पुन्हा एकदा कपाळाला लावते.

तुमची धर्मकन्या,
क्लारिबेल

ता.क. : येत्या गुरुवारी सकाळच्या बोटीनं नानाय पुरिंग सेबूला, तुमच्याकडे येत आहेत. आई इकडे त्यांना बोटीत बसवून देईल, तिकडे तुम्ही धक्क्यावर उतरवून घ्या. शुक्रवारी ऑपरेशन आहे. नंतर दहा दिवस दिवसातून चार वेळा डोळ्यांत औषध घालायचं आहे. त्या घालू देणार नाहीत. तुम्ही घालालच, म्हणून तर तुम्हाला लिहिलं. माझी परीक्षा नसती तर मीच आले असते. (तुमच्या गच्चीतल्या कुंड्यांना त्या हात लावतील. लावू द्या.)

ता.क. २ : गावात ऑपरेशनचं कुणालाच ठाऊक नाही. तशी त्यांची अटच होती. गावाला सांगितलं आहे की त्या सेबूला एका लग्नाला चालल्या आहेत. कुणाच्या लग्नाला, असं कप्तानबाईंनी मला अचानक विचारलं आणि सेबूतलं दुसरं कुठलंच नाव मला सुचलं नाही. नीनांग, तुम्ही अठ्ठावन्न वर्षं निग्रहानं टाळलेली गोष्ट मी अशी एका वाक्यात उरकली, याबद्दल मनापासून क्षमा मागते. नवरदेवाचा तपशील माझा नाही, तो नानायांनी घातला. जहाजावरचा निवृत्त मुख्य स्वयंपाकी आहे, विधुर आहे, आणि त्याचे सगळे दात स्वतःचे आहेत.

ता.क. ३ : गाव फारच खूश झालं आहे. नानायांबरोबर सुक्या मासळीचं एक पोतं, विणलेली एक चटई आणि एक जिवंत कोंबडा आहेराला येत आहे. तो नीट बांधलेला आहे असं मला सांगण्यात आलं आहे. शिवाय त्या पुढच्या शनिवारी कप्तानबाई आणि सहा बायका नवरदेव बघायला तुमच्याकडे येत आहेत. मी त्यांना पुष्कळ नको म्हटलं. तुमच्या हातात तेरा दिवस आहेत, बघा कुणी मिळतोय का. दातांचं नंतर सांभाळून घेता येईल.