बांधाच्या त्या बाजूनं

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी, शके १८५६

आजही राजा वाट चुकला. चौथीच्या साऱ्या पोरांनी त्याला एकाच झाडाखाली चुकवला, एकाच म्हातारीच्या झोपडीत नेला, तिची भाकर खाऊ घातली आणि सकाळी म्हातारीला शेत इनाम देऊन वाटेला लावला. शब्द माझे, सूरही माझाच. शेवटच्या पोराच्या वेळी मला डुलकी लागली. पोरं हसली तेव्हा जागा झालो.

संध्याकाळी देवळात प्रदक्षिणा घालत होतो. समोरून देव दिसतो, मागून नुसती भिंत. पण भिंतीपलीकडे देव असतोच. गोष्टीलाही अशी प्रदक्षिणा का घालू नये?

सप्तमी

आज सांगितलं – राजाची बाजू झाली. आता म्हातारी होऊन सांगा. नियम एकच. ज्याच्या तोंडून सांगाल त्याच्या जागी उभं राहा. त्याला जे दिसलं नाही ते बोलायचं नाही.

पहिली सिंधु उठली, किशनरावांची मुलगी. “माझी एकच भाकर होती, ती त्यानं खाल्ली. राजा हाय हे मला काय ठाऊक? मी पाणी पिऊन निजले.”

इतकी वर्षं ही गोष्ट शिकवतो. म्हातारी उपाशी निजली हे कधी मनात आलं नाही.

मागून बसवराज उठला. “मी घोडा. राजाला भाकर भेटली. मला कोणी विचारलंच न्हाई.” वर्ग खो खो हसला. मीही हसलो. शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे मुहतमीम साहेब आले आणि घोडाच बोलू लागला तर काय करावं, ते माहूरची रेणुकामाता जाणे.

दशमी

आता घरची गोष्ट आणायला सांगितली आहे. घरात नेहमी सांगतात ती, पण दुसऱ्याच्या तोंडून.

हिला सांगितलं तर म्हणाली, “मग आपल्या लग्नाची गोष्ट मी सांगते. तुमच्यानं ऐकवणार न्हाई.” अर्धी ऐकली. खरंच ऐकवली नाही.

द्वादशी

सिंधुनं आज जी गोष्ट आणली ती साऱ्या गावाला पाठ आहे. चार सालांमागची वेळ अमावस्या. त्या दिवशी जो तो आपल्या शेतात – कडब्याची खोप, तिच्यात पूजा, मग लिंबाच्या डहाळ्यानं पिकावर आंबील शिंपत फेरा. किशनरावांचे थोरले भाऊ हणमंतराव लातुरात आडतीवर असतात. ते दरसाल गाडी जुंपून या शेतात जेवायला येत. त्या साली गाडी शेताकडेच्या रस्त्यानं आली, किशनरावांनी हाक मारली, आणि गाडी न थांबता निघून गेली. फेरा पुरा होईतो शिंपणारा शेताबाहेर पाऊल टाकत नाही, म्हणून किशनरावांना धावता आलं नाही. तेव्हापासून भावाभावांचं येणंजाणं बंद. किशनराव हे सगळ्यांना सांगतात आणि “मी हाक मारली होती” इथं थांबतात.

सिंधु आज काका झाली. “मी हणमंतराव. मी गाडीतून बघून राहिलो. ज्वारी उंच हाय. किशन दिसत न्हाई, नुसता हात दिसतो. हातात डहाळा. पाखरं हाकलल्यावानी हलतो. मला वाटलं, मलाच हाकलून राहिला. मी बैलांना म्हणलं, चला.”

“आणि हाक?”

“घुंगरांत ऐकू येत न्हाई, गुरुजी.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच म्हणले ना, त्याच्या जागी उभं राहा. मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. आमच्या गड्याला, रामकिशनला, डहाळा हलवाया लावला.”

आज बसवराजसुद्धा हसला नाही.

त्रयोदशी

किशनराव शाळेच्या दारात आले. आत आले नाहीत. “गुरुजी, पोरगी अक्षरं शिकाया धाडली. दादाची वकिली कराया न्हाई.”

“वकिली कसली? गोष्ट आहे ती.”

“गोष्ट माझी हाय. मी सांगतो तीच खरी.”

सिंधुचा हात धरून गेले. पाटी जागेवरच राहिली.

रात्री देवापुढं बसलो. मागणं सुचेना. मग किशनरावांच्या जागी उभा राहून पाहिलं. ज्याच्यावर चार सालं राग धरला तोच दुखावलेला निघाला, तर त्या रागाचं करायचं काय? कुठं ठेवायचा? दिवा शांत करून निजलो.

वद्य द्वितीया

सिंधु नाही. जागा तशीच ठेवली आहे. बसवराज तिथं सरकत होता, त्याला उठवलं.

वद्य पंचमी

पाटी द्यायचं निमित्त करून शेताकडं गेलो. पाहतो तर किशनराव रस्त्यात उभे, कपाळावर हात धरून ज्वारीकडे बघताहेत. आत रामकिशन कोरडाच डहाळा हलवतोय.

“अजून हलीव.”

“मालक, हात भरून आला. पाखरं बी कवाच उडाली.”

मला पाहून किशनराव म्हणाले, “हुरडा राखून राहिलो.”

मी म्हटलं, बरं. पाटी त्यांच्या हातात दिली. ते ती उलटसुलट करत राहिले.

“गुरुजी, इथून माणूस दिसत न्हाई.”

“नाही दिसत.”

“नुसता हात.”

“हो.”

तेवढ्यावरच परतलो. आणखी बोललो असतो तर बिघडवलं असतं.

वद्य षष्ठी

सिंधु आली. पाटी लख्ख धुतलेली. “बा पहाटंच लातूरला गेले. काकाला बोलवाया.”

वद्य चतुर्दशी, शुक्रवार

शाळेला सुटी. हिचे उद्याच्या वेळ अमावस्येसाठी बाजरीचे उंडे चालले आहेत, मला चुलीपाशी फिरकू देत नाही. किशनराव स्वतः आमंत्रणाला आले. चेहरा धुतल्यासारखा.

“उद्या दादा येणार हायत. मी म्हणलं, दादा, तो डहाळा आंबिलीचा होता, तुमच्यावर न्हवता. लई वेळ माझ्याकडं बघत बसले. मग म्हणले, येतो.”

सिंधुच्या गोष्टीला पहिला नंबर द्यायचं ठरवलं.

अमावस्या

दोघे भाऊ एका पानात जेवले. नंतर हणमंतरावांनी मला खोपीमागं नेलं. “गुरुजी, किशनला सांगू नका. मी डहाळा बिहाळा काही बघितला न्हाई. लातूरहून रातभर गाडी हाकलेली, डोळा लागला. बैलांना वाट पाठ, त्यांनी गावातल्या आपल्या घरापुढं नेऊन उभं केलं. दाराला कुलूप. दुपारपर्यंत ओट्यावर बसलो. कोणी बोलवाया आलं न्हाई, मग मलाही राग आला.”

पहिला नंबर सिंधुचाच. पण ही गोष्ट आता बसवराजकडून, बैलांच्या तोंडून ऐकायला हवी. त्या दिवशी गाडीत जागे तेवढेच होते.