काजळीचा मान

क्रिंगिला, रविवार

प्रिय वासिल्का ताईस,

धाकट्या ब्लागुनाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे आपल्या बितोल्यात थंडी पडली असेल, पाय शेकत जा. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून.

समोरची डेओलिंडा आठवते ना, फोटोत सोन्याचा दात दाखवत हसणारी पोर्तुगीज बाई? तिचं स्वयंपाकघर संग्रहालयात गेलं. (वरचं नव्हे. वरच्या स्वयंपाकघरात इथे कोणीच रांधत नाही, ते पाहुण्यांना दाखवायला. रांधायचं खाली, गॅरेजात.) झालं असं, की वस्तीचा इतिहास मांडायचा म्हणून संग्रहालयाची एक मुलगी घरोघर फिरणार असं कळलं. आता इतिहास म्हटल्यावर माझ्याशिवाय कोणाचा? पोलादाच्या कारखान्याकडून वारा आला की धुणं वाळत घालायचं नाही, हे या गल्लीत पहिल्यांदा मला कळलं, तेही लग्नातल्या पांढऱ्या चादरी काळ्या करून. तुर्की, इटालियन, पोर्तुगीज बाया सगळ्या माझ्या मागून आल्या. म्हणून मी कंबर कसली. गॅरेज घासलं, पांढऱ्या फरशा बसवल्या, नवी गॅसची शेगडी आणली, आणि माझ्या नवऱ्याने, त्रायानने (देव त्याला वर सुखात ठेवो) कारखान्यातल्या टाकाऊ पत्र्याची बनवलेली चूल भंगारात दिली. मुलगी आली, छान आहे म्हणाली, आणि कॉफीसुद्धा न घेता समोर गेली. डेओलिंडाच्या गॅरेजाला कित्येक वर्षांत फडकं लागलेलं नाही, भिंती तव्याच्या बुडासारख्या. ते पाहून मुलीचे डोळे पाणावले. "आजी, काही पुसू नका," म्हणाली. आळशीपणाचं असं सोनं झालेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाला गेले. (गेले नसते तर लोक म्हणाले असते, जळते.) चूल, काळी भिंत, मासे भाजायची जाळी, सगळं काचेमागे, आणि पाटीवर डेओलिंडाचं नाव. खाली काय लिहिलंय ते नातीने वाचून दाखवलं: पहिल्या हिवाळ्यात एका शेजारणीने तिला चूल पेटवायला शिकवलं. एका शेजारणीने! नवरा रात्रपाळीला, ही दारात रडत बसलेली, एकमेकींची भाषा ठो कळत नव्हती, आणि फावड्यावर निखारे घेऊन रस्ता ओलांडून गेले ती मी. ताई, मला फार लागलं गं. जळफळाट होतोय, तुझ्यापासून कशाला लपवू?

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
ब्लागुना

ता. क. आईची लोखंडी चूल अजून तुझ्या गोठ्यात आहे ना? बोटीने पाठव. काजळी खरवडू नकोस, उलट दोनचार दिवस ओली लाकडं जाळ. ती पहिल्यापासून इथेच होती असं मी संग्रहालयाला सांगणार आहे, आणि डेओलिंडा साक्ष देणार आहे. (तिच्याकडे आता चूल नाही, म्हणून रोज दुपारी माझ्या पांढऱ्या फरशांमध्ये मासे भाजते. मीही ताट घेऊन बसते. मासे चांगले होतात.)

आणखी एक. पत्र टाकायला निघाले तर डेओलिंडा मला ओढत संग्रहालयात घेऊन गेली. त्या मुलीला तिने आधीच धारेवर धरलं होतं म्हणे. माझ्यादेखत पुन्हा सुनावलं, "शेजारीण काय? तिला नाव नाही? हिने विस्तव आणला नसता तर मी पुढच्या बोटीने परत गेले असते." पाटी बदलली आहे. आता तिथे ब्लागुना असं स्वच्छ लिहिलंय. मी तिथेच रडले, डेओलिंडाच्या गळ्यात पडून. मग चष्मा पुसून नीट पाहिलं. तिचं नाव वर, मोठ्या अक्षरांत. माझं खाली, बारीक.

चूल पाठवच.