मखमलीची लव

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मध्येच रडायला लागतोस आणि मग मीच तुझी समजूत काढत बसते, म्हणून लिहितेय. आता निमूट शेवटपर्यंत वाच. पाणी प्यायच्या निमित्तानंही उठायचं नाही.

दुकान बरं चाललंय. बाबा गेल्यापासून गल्ल्याशी मी बसते आणि त्यांच्यासारखीच सगळ्यांवर खेकसते, असं आपली काज-बटणवाली म्हणते. झाली खुशाली! आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात तू सांगितलंस, की रोज सकाळी देवापुढे बसतोस, एकेक चूक आठवून माफी मागतोस आणि उठताना अगदी हलकं वाटतं. मी म्हटलं, चला, आमचा उंडगा सुधारला. आणि मग त्याच दमात, आज भाजी कुठली केली ते सांगावं तसं, सांगितलंस की बँडवाल्यांचे ते मखमली कोट आपल्या दुकानात कापड कापणाऱ्या कात्रीमावशीनं नव्हे, तू बिघडवले होतेस. देवाला म्हणे केव्हाच सांगून टाकलंयस. वा रे वा! देवाला काय कोट शिवायचा होता?

मखमलीला लव असते, हे तुला शिकवलं कोणी? मावशीनंच ना? तुझा हात धरून कापडावरून फिरवला होता तिनं, इकडून मऊ, तिकडून खरखरीत. सगळे तुकडे एकाच दिशेनं, एकेक थर अंथरूनच कापायचे, हे तिनं तुला किती वेळा बजावलं असेल! त्या दिवशी तिला ताप होता. अर्धं काम उरकून ती आतल्या खोलीत जरा आडवी झाली. तुला मित्रांकडे पळायची घाई. कापड आडवं दुमडलंस, दोन थर एकदम कापलेस आणि वरच्या थराची लव झाली उलटी. शिवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. कार्यक्रमात दिवे लागले तेव्हा कोटांची एक बाही गर्द, दुसरी विटकी. लोक खो खो हसले. दुसऱ्या दिवशी बाबांनी भरल्या दुकानात विचारलं, तर तू म्हणालास, मी कात्रीला हातसुद्धा लावला नाही. आम्हाला पटलं. अंगात ताप असला की हात चुकायचाच, असं बाबा म्हणाले. मावशीनं कात्री टेबलावर ठेवली आणि गेली. बाबा तर तसंच समजून वारले.

तुझा फोन ठेवला आणि मी देवाशी कडाकडा भांडले. म्हटलं, याला हलकं करतोस, तर ते ओझं ठेवतोस कुठं? सरळ उत्तर दे, गुळमुळीत नको. देवाचं एक बरं असतं, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी दुकान चालूच!

आणि माझं काय झालं तेही ऐक. मावशीला लगेच जाऊन सांगायचं सोडून मी घरात बसून राहिले. जुनं कशाला उकरा, दुकानाचं नाव जाईल, असं मनाशी घोळवत राहिले. संध्याकाळी हात जोडून म्हणायचे, देवा, माफ कर. आणि मेल्या, मलाही हलकं वाटायला लागलं! तेव्हा माझी मलाच किळस आली. चुकलेली शिवण उसवायलाच लागते, वरून इस्त्री फिरवून भागत नाही. हे आपल्या दुकानात काज-बटणवालीलाही कळतं.

काल गेले मावशीकडे. ती आता उशांचे अभ्रे शिवते, तेही कापून आलेले. कात्री पुन्हा हातात धरली नाही तिनं. मी सगळं सांगितलं. तिनं कप असा आदळला की कान तुटून पडला. मग म्हणाली, इतकी वर्षं रोज झोपताना ती देवाला एकच विचारते, माझा हात खरंच चुकला का रे, आणि चुकला तर मला आठवत कसं नाही? उत्तर येत नाही, म्हणजे चुकलाच असणार, असं धरून रोज माफी मागते. न केलेल्या चुकीची, धाकट्या! रोज!

तुझ्या वतीनं मी माफी मागायला लागले, तर तिनं मला हातानंच थांबवलं. निरोपाची माफी नको म्हणाली, आणि देवाच्या मार्फत आलेली तर मुळीच नको.

म्हणून हे पत्र. रविवारी दुपारी दुकान गच्च भरलेलं असतं. मावशीला तेव्हाच बोलावलंय आणि ती येते म्हणालीय. कापायचं टेबल अजून तेच आहे. तिनं देवाकडे मागितलेलं उत्तर इतकी वर्षं तुझ्याकडे अडकलंय. ते घेऊन ये आणि सगळ्यांसमोर, तिला नीट ऐकू जाईल असं, मोठ्यानं सांग. जेवायला घालीन, पण त्यानंतर.

रागानं लाल झालेली, तरी तुझीच,
ताई