मूठभर मैदा

आई, तू गेलीस तेव्हा मी मराठी चौथीत होतो आणि आता मला रोज दाढी करावी लागते, एवढा काळ गेला. या सगळ्या काळात तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलोय ते भांडायला. मेलेल्या माणसाशी काय भांडायचं, असं ताई म्हणेल. पण तू जे माझ्या गळ्यात घालून गेलीस त्याबद्दल दुसऱ्या कोणाशी भांडू? बाबांशी भांडता येत नाही, कारण सगळा घोळ त्यांच्यापासूनच लपवायचा आहे. आणि ताईला कळलं तर ती देवापुढे नाक घासून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी रडेल.

झालं असं, की मी खडवलीला होतो. त्याआधी ठाण्याला टेंभी नाक्याजवळ एका हॉटेलात कपबश्या विसळल्या, मग कळव्याच्या मिठागरावर गेलो. ते काम मला आवडलेलं. सकाळी वाफ्यात नुसतं पाणी असतं आणि उन्हं चढली की त्यावर सायीसारखा पातळ थर धरतो, तो बघत बसलं तर मुकादम शिव्या देतो. मी बघत बसायचो. असो. हंगाम संपला म्हणून खडवलीला एका दूधवाल्याच्या म्हशी सांभाळत होतो, आणि तिथून कांद्याच्या ट्रकवर क्लीनर म्हणून नाशिककडे जायचं ठरलेलं, एवढ्यात ताईचा निरोप आला. बाबांना मुदतीचा ताप येऊन गेलाय, असशील तसा ये. म्हणून कल्याणला आलो, आपल्या त्याच खोलीत. ताई डोंबिवलीहून सासरचं सगळं सोडून येऊन राहिलेली. बाबा खाटेवर. मालधक्क्यावर पोती उचलणाऱ्यांना ज्या आवाजात हाका मारायचे, तो आवाज आता पलीकडच्या भिंतीपर्यंतही जात नाही.

डॉक्टर म्हणाले, ताप गेला, आता खाऊन ताकद यायला हवी, नाहीतर हा माणूस असाच विझत जाईल. आणि यांनी काय करावं? चातुर्मासाचं धान्य सोडलं! गहू नाही, तांदूळ नाही, डाळ नाही. कार्तिकीपर्यंत उपासाचं तेवढं खाणार. आणि नवस कशासाठी, तर माझ्यासाठी. पोरगं ठिकाणावर यावं म्हणून. मी म्हटलं, बाबा, मी आलोय ना, हा काय समोर उभा आहे. तर म्हणाले, "तू आलायस रे. राहिलेला नाहीस."

बरं, उपासाचं तरी खावं. ताईनं साबुदाणा केला, वरी केली, रताळी उकडली. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. शेवटी तीही वैतागली. "हे नको, ते नको, मग काय दगड शिजवून घालू?" तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुमच्या आईच्या हातचे चतकोर असते तर खाल्ले असते." ताई लगेच माझ्याकडे वळली. "तू असायचास ना तिच्याजवळ सारखा. कर."

मला तेव्हाच घाम फुटला, आई. कारण मला माहीत होतं.

ते चतकोर तू रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर शिकलीस. तिथल्या मडमेकडे तू भांडी, कपडे करायचीस आणि ती स्वयंपाकघरात एकटी पडली की तुला बोलवायची. ती आपण इंग्रज नाही, आयर्लंडची आहोत, हे दर चार वाक्यांनी सांगायची. तू घरी येऊन तिची नक्कल करायचीस, कमरेवर हात ठेवून. तिच्या गावी गरिबाघरी हीच भाकरी म्हणे, उरलेल्या बटाट्याची. रेशनचे दिवस होते, धान्य पुरायचं नाही, बटाटा मात्र मिळायचा, म्हणून तू ती घरी सुरू केलीस. बटाटे उकडून गरम असतानाच सोलायचे, रिकाम्या पातेल्यात निखाऱ्यावर हलवून त्यांचं पाणी उडवायचं, गुठळी न ठेवता कुस्करायचे, मीठ, लोण्याचा गोळा, आणि मूठभर मैदा. हातानं थापून गोल करायचा, आणि भाजायच्या आधीच सुरीनं उभं-आडवं कापून चार चतकोर. शेजारच्या काकू हसायच्या, कच्ची भाकरी कापून कोणी तव्यावर टाकतं का गं! तव्यावर तेलाचा थेंब नाही. चिमूटभर मैदा टाकून बघायचा, लगेच करपला तर तवा खाली उतरवायचा.

आणि मग ती एकादशी. बाबा धक्क्यावरून उपाशी आलेले, तव्यावर चतकोर बघून विचारतात, "हे उपासाला चालतं?" आणि तू मागे वळूनही न बघता म्हणतेस, "बटाटाच तर आहे, अहो." मी पाटावर बसून मैद्याच्या डब्याकडे बघतोय. बाबा चारही खातात, बोटं चाटतात, म्हणतात, दर एकादशीला हेच करत जा. ते गेल्यावर मी विचारलं, तर तू माझ्या कानाला धरलंस. "दिवसभर पोती मोजतोय तो माणूस, साबुदाणा खाऊन पोट धरून बसतो. मूठभर पिठानं देव नाही रागावत. पण तू बोललास तर मी रागावेन." मी बोललो नाही. तू गेलीस, तरी बोललो नाही. किती एकादश्या त्यांनी मैदा खाल्ला, देव जाणे, म्हणजे त्यालाच ठाऊक.

आता मी काय करायचं होतं? आधी सरळ वागून बघितलं. शिंगाड्याचं पीठ घालून केलं. काळपट झालं, उलटताना कडा तुटल्या. बाबांनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि बाजूला ठेवला. "चांगलंय रे. पण हे ते नाही." दुसऱ्या दिवशी राजगिरा. त्याचा भुगाच झाला. ताई म्हणाली, "तुला येतच नाही, नुसता मोठेपणा." मी म्हटलं, "तू ये ना मग, कर." "मला कुठं शिकवलं तिनं? मी तेव्हा सासरी." अशी आमची जुंपली आणि बाबा खाटेवरून म्हणाले, "भांडू नका रे, मला भूक नाहीये." त्या वाक्यानं मी हादरलो. पाण्याचा तांब्याही त्यांना दोन्ही हातांनी धरावा लागत होता.

सांगावं का त्यांना, असाही विचार केला. बाबा, त्यात मैदा होता, कायमच होता. मग? मग हा माणूस गेल्या सगळ्या एकादश्या मोजत बसेल, आणि तू बायको म्हणून त्याला फसवलंस हेही मोजेल, आणि बटाट्यालाही हात लावणार नाही. तुला पुढे काय होईल याचा विचार कधी आलाच नाही, ना? पोरगं गप्प बसेल, नवरा खाईल, झालं! तू सुटलीस. मी अडकलो.

ताई संध्याकाळी देवळात कीर्तनाला गेली तशी मी मैदा आणला. पहिला घाणा वाया गेला, कारण मी चपातीच्या कणकेसारखा मळत बसलो आणि तो हाताला गोंदासारखा चिकटायला लागला. चिकटला म्हणून आणखी मैदा, मग आणखी मळणं, शेवटी चप्पल शिवता येईल असं काहीतरी तयार झालं. तेव्हा तू आठवलीस, पाठीवर चापट मारून ओरडणारी. "कुस्ती नाही खेळायची त्याच्याशी! गोळा झाला की सोड." दुसऱ्यांदा सोडला. थापला, कापला, टाकला. कडा हळूहळू कोरड्या झाल्या, तव्यावरून चतकोर आपोआप सुटला, खाली तपकिरी ठिपके. वास आला आणि पडद्यापलीकडे खाट करकरली. बाबा उठून बसलेले.

ताट नेऊन ठेवलं. पहिला चतकोर त्यांनी संपवला. दुसरा मोडताना थांबले, आतला पांढरा भाग बघितला, आणि माझ्याकडे बघितलं. "पीठ कुठलं रे?"

आई, मी म्हशी सांभाळल्या, कपबश्या फोडल्या, मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या, पण इतकं अवघड मला कधी गेलं नव्हतं. मी म्हटलं, "शिंगाड्याचंच. परवा बटाटे ओले राहिलेले म्हणून बिघडलं." ते हं म्हणाले आणि खायला लागले. तिसराही खाल्ला. चौथा ताईसाठी ठेव म्हणाले, पण थोड्या वेळानं तोही खाल्ला. मग म्हणाले, "आता ताईला शिकव हे."

ताईला कसं शिकवू? ती शिंगाडा घालणार. रोज संध्याकाळी ती कीर्तनाला जाते, मी करतो, ती येईपर्यंत तवा घासून ठेवतो. परवा तिनं चव घेतली आणि म्हणाली, "अरे, शिंगाडा इतका मऊ होतो?" मी म्हटलं, हाताची कला आहे. बाबा आता भिंतीला धरून दारापर्यंत येतात. परवा शेजाऱ्याला हाक मारली, ती ऐकू गेली. नाशिकचा ट्रक कधीच गेला.

तुझं चुकलंच, यावर मी ठाम आहे. नवस मोडतोय तो माझ्या नावाचा, आणि मोडणाराही मीच. हे कागद ताईच्या हाती लागले तर संपलंच, म्हणून उद्या चुलीत जातील. मैदा कुठं लपवायचा हा प्रश्न होता. खोलीत असा एक कोपरा नाही जिथं ताई झाडू फिरवत नाही. शेवटी माझ्या पिशवीत ठेवलाय, कपड्यांच्या खाली, धोतराच्या फडक्यात गुंडाळून. आता ती पिशवी उचलून मला कुठं जाता येणार नाही. जायचंही फारसं नव्हतं, पण ते त्या दोघांना नको कळायला.