पर्लची आंघोळ

मॅकेल्सव्हिल, पेनसिल्व्हेनिया
९ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. तिर्झास,
हिंडाआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून लोकांचे अर्ज वाचायचे म्हटल्यावर ती दुखणारच. मॉर्टनचा खोकला गेला का? त्याला सांग, सिगारेट सुटली नाही तर आत्या क्लीव्हलंडला मुक्कामाला येईल, मग आपोआप सुटेल. जोएलचा पुढचा दात आला की अजून फटीतून शीळ घालतो? आणि तुझे बाबा त्या वृद्धाश्रमात नीट जेवतात का? बार्लीचं सूप पातळ केलं की माझा भाऊ रुसतो, पण बोलून दाखवत नाही. तेवढं तिथल्या बाईच्या कानावर घाल. माझे गुडघे सोडले तर बाकीची मी माझ्याच ताब्यात आहे.

गावाचं काय लिहू? कारखान्याच्या शेवटच्या भट्टीला कुलूप लागलं तेव्हापासून सामानाच्या गाड्या फक्त बाहेर जातात. शनिवारी शब्बाथच्या सामुदायिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमत नाहीत. जमलेले दाराकडे बघत बसतात आणि मग आपापल्या घरी जाऊन एकेकटे प्रार्थना करतात. पण आम्हा बायकांचं एक काम अजून चालू आहे, ते तुला ठाऊक आहे. गावातली आपली बाई गेली की तिला आम्ही आंघोळ घालतो, कफन चढवतो. पूर्वी त्यासाठी चढाओढ असायची. आता मी, गीटल आणि पर्ल. त्यातली पर्ल इस्पितळात आहे, आणि तिथून ती घरी यायची नाही असं डॉक्टर म्हणतात.

परवा तिने माझा हात धरला आणि विचारलं, की तू आणि गीटल दोघीच मला कशा उचलणार? मी म्हटलं, चिंता करू नकोस, आमची तिर्झा झेलिगमन प्रतिष्ठानात ज्यू समाजजीवनाच्या अनुदानांची मुख्य आहे, ती व्यवस्था करेल. तर कर बाई. पिट्सबर्गच्या बायका यायला तयार आहेत, फक्त त्यांच्या जाण्यायेण्याची आणि आंघोळीच्या खोलीतल्या गोठणाऱ्या नळांची सोय हवी. प्रार्थनाघराचं छप्पर गळतंय ते गळू दे.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.
तुझी,
हिंडाआत्या


क्लीव्हलंड
३० नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
तिर्झाचा सा. न. वि. वि.

सगळे ठीक आहेत. जोएलचा दात आला, तोही वाकडा. बाबांचं सूप घट्ट झालं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आत्या, प्रतिष्ठानाचा नियम आहे की जिथे प्रार्थनेला दहा जण नियमित जमतात अशाच समाजाचा अर्ज विचारात घ्यायचा. हा नियम दुसऱ्या कोणी नाही, मीच लिहिलाय. मी इथे आले तेव्हा देशभरातल्या ओस पडलेल्या प्रार्थनाघरांचे अर्ज टेबलावर पडले होते, सगळे छपरासाठी. त्यांना देत बसलो असतो तर मुलांच्या शाळा, शिबिरं, तरुण जोडप्यांची नवी मंडळं, यांच्यासाठी काही उरलंच नसतं. कुठेतरी रेघ मारायला हवी होती. शिवाय तू माझी सख्खी आत्या. तुझ्या अर्जाच्या वेळी मला खोलीबाहेरच जाऊन बसावं लागेल.

माझं ऐकशील तर प्रार्थनाघर बंद करा. तोरा ग्रंथाच्या गुंडाळ्या नव्या वस्त्यांना देता येतील, दफनभूमीची देखभाल पिट्सबर्गकडे सोपवता येईल. त्यासाठी मी माणूस पाठवू शकते. पर्लमावशींना माझा नमस्कार सांग.

रागावू नकोस.
तुझी,
तिर्झा


मॅकेल्सव्हिल
१८ जानेवारी १९८७

चि. तिर्झास अनेक आशीर्वाद.

तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते.

पर्ल सोमवारी गेली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं नव्हतं. पिट्सबर्गच्या बायका यायच्या आहेत असंच शेवटपर्यंत सांगत राहिले. त्या निघाल्याही होत्या, पण बर्फाने रस्ता बंद झाला आणि अर्ध्या वाटेतून परत फिरल्या. आपल्यात मेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत. आणि गावातल्या दफनवाल्याच्या परक्या हातात पर्लला द्यायला माझं मन होईना.

म्हणून मी आणि गीटल. गीटलचा डावा हात झटका आल्यापासून नुसता लोंबतो. आधी साधं अंग धुणं, केस विंचरणं, नखं साफ करणं, ते जमलं. मग ते मोठं पाणी. तू कधी पाहिलं नाहीस म्हणून सांगते. बादल्यांचं पाणी डोक्यापासून पायापर्यंत अखंड पडावं लागतं. एक बादली संपायच्या आत दुसरीची धार सुरू झाली पाहिजे. मध्ये तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. नळ गोठलेले, पाणी मी घरून तापवून डब्यांतून आणलेलं. पहिल्यांदा गीटलची बादली वेळेवर उचललीच गेली नाही. दुसऱ्यांदा माझीच बादली कलंडली. तिसऱ्यांदा धार पर्लच्या गुडघ्यांपर्यंत आली आणि तुटली. मग पाणीच उरलं नाही.

आम्ही तिला पुसलं, कफन घातलं. शेवटी मेलेलीचं नाव घेऊन माफी मागायची असते, तुझ्या मानाला आमच्याकडून काही उणं झालं असेल तर क्षमा कर. आजवर मी ती रीत म्हणून मागत आले. या वेळी मी कफनाच्या घड्याच सारख्या करत राहिले. गीटल म्हणाली, "हिंडा, बोल लवकर, ती वाट बघतेय."

तुझ्या नियमाचा मी पुष्कळ विचार केला. तू बुद्धिमान आहेस, वाईट मुळीच नाहीस. पण मोजलेस ते प्रार्थनेला जमणारे पुरुष. खोलीत बादल्या घेऊन उभ्या राहणाऱ्या आम्ही तुझ्या मोजणीत कुठेच नव्हतो. दहा पुरुष नाहीत म्हणजे गाव मेलं, असं तुम्ही ठरवलंत. बरं, मेलं. मग मेलेल्याला आंघोळ घालायला तरी माणसं द्यायची होतीत.

कडू लिहिलं, पण खोडत नाही.
हिंडाआत्या


क्लीव्हलंड
८ फेब्रुवारी १९८७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी विश्वस्तांच्या बैठकीत नेलं. नाव वगळून, पण पूर्ण वाचलं. मेलेल्यांना आंघोळ घालणाऱ्या गटांना, मग गाव केवढंही असो, मदत मिळावी असा ठराव मांडला. कुणी चष्मा पुसत होतं, एकजण खिडकीबाहेर बघत होता. मग अध्यक्ष फार मऊ आवाजात म्हणाले, की आपल्या विभागाच्या नावातच जीवन आहे, आपण जिवंतांसाठी आहोत. ठराव पडला. बाजूने माझं एकटीचं मत.

दुसऱ्या दिवशी मी इथल्या अशाच बायकांच्या गटाकडे गेले आणि मला शिकवा म्हणून सांगितलं. माझ्याच खात्याने त्यांना कधीकाळी नकार पाठवला होता, तो त्यांच्या लक्षात होता. एकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, अंगठ्या काढून ये. पहिल्या वेळी मला नखांचा रंग काढायचं काम दिलं. एका म्हातारीने मरणाआधी लालभडक रंग लावून घेतला होता. मी तो कापसाने पुसत होते आणि मला पर्लमावशी दिसत होत्या. आता दुसऱ्यांदा जाऊन आले. बादली उचलता येते.

तुमच्या गावाला अनुदान मिळणार नाही, आत्या. मी मात्र येईन, तू कळवशील तेव्हा. पण माझ्याबरोबर कोणी येईल असं आज सांगू शकत नाही.

तुझी,
तिर्झा


मॅकेल्सव्हिल
१ मार्च १९८७

चि. सौ. तिर्झास अनेक अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू अंगठ्या काढल्यास हे वाचून गीटलला फोन लावला. ती आता फ्लोरिडाला मुलीकडे आहे, पडल्यामुळे नेलं तिला. ती म्हणाली, भाचीला सांग, नखं कोपऱ्यातूनही बघायची.

म्हणजे इथे आता मी एकटी, आणि एकटीने ते काम होत नाही. पुरुषमंडळींची बैठक झाली, त्यांनी मला सही करायला बोलावलं. वल्हांडण सणानंतर प्रार्थनाघर बंद. मी सही केली, कुणी आग्रह केला नाही. तू म्हणालीस तेच झालं. एवढं वाचून स्वतःला छळू नकोस.

दुसरं असं, की डॉक्टरांना माझ्या पोटात काहीतरी सापडलंय. आधीच सापडलं होतं, मी तुला लिहिलं नाही, कारण तेव्हा पर्लची पाळी होती. कापण्यात अर्थ नाही म्हणतात. उन्हाळा बघेन, पण पूर्ण नाही. बाबांना सांगू नकोस, सूपसुद्धा सोडेल तो.

जागा माझी इथेच आहे, नवऱ्याशेजारी. पण या गावात मला आंघोळ घालायला कुणी नाही, आणि तू एकटी आलीस तर पर्लचं झालं तेच व्हायचं. तेव्हा असं मनात आहे, की शेवटी मला तुमच्याकडे आणावं, तुमच्या बायकांनी तयार करावं आणि मग परत इथे पोचवावं. त्यांना विचार, बाहेरगावची बाई चालते का. मी वजनाने हलकी झाले आहे तेही सांग. तुझी आत्या म्हणून विचारू नकोस, नाहीतर तुला खोलीबाहेर जाऊन बसावं लागेल, आणि तू मला आत हवी आहेस. हा माझा साधा अर्ज समज.

निकषात बसत नसले तर तसंही कळव, मला दुसरीकडे विचारायला वेळ हवा. उत्तर लवकर धाड.

तुझी,
हिंडाआत्या