पर्यावरणपूरक मिश्र दुहेरी

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून आमचं बॅडमिंटन पर्यावरणपूरक. ठरलं म्हणजे ठरलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायको पुन्हा खेळायला लागली आहे, क्लबच्या स्पर्धेत मिश्र दुहेरीला आमची जोडी आहे. तिला संकल्प सांगितला. म्हणाली, आधी सर्व्हिस सुधार. मुद्दा भरकटवायची जुनी सवय.

५ नोव्हेंबर
तुटकी शटलं फेकायची नाहीत. क्लबच्या कचऱ्यातून पिशवीभर आणली. किटलीच्या वाफेवर धरली की पिसं सरळ होतात. बोटं भाजली. पिसं जशीच्या तशी. मग गोंद लावला. उद्या सगळे तोंडात बोटं घालतील.

६ नोव्हेंबर
माझं शटल जाळ्यापलीकडे जाण्याऐवजी शेजारच्या कोर्टवर गेलं. तिथे डेंटिस्ट खेळत होता. त्याच्या कपाळाला चिकटलं. गोंद ओला होता, तंत्रात चूक नाही. लोकांची मानसिकता बदलायला वेळ लागतो.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
हॉलचे निम्मे दिवे बंद केले. वॉचमनने लावले. मी परत बंद केले. बायको म्हणाली, पाय कुठे पडतोय दिसत नाही, गुडघा पुन्हा गेला तर? म्हटलं, डोळ्यांना सवय होते. ती बाकावर जाऊन बसली. नीकॅप काढली, पुन्हा घातली. मला वाईट वाटायला हवं होतं. हल्ली काही वाटतच नाही. व्हिटॅमिन कमी पडत असेल.

१३ नोव्हेंबर
प्लॅस्टिकच्या बाटल्या बंद. स्टीलची किटबॅगेत सांडली. प्रॅक्टिस रद्द. दोष झाकणाचा.

१६ नोव्हेंबर
उद्या स्पर्धा. बायको म्हणाली, गाडीने बरोबर जाऊ. मी सायकलनेच जाणार. पेट्रोल जाळून कसला खेळ? तिने गाडीची किल्ली परत खुंटीला लावली. मग म्हणाली, वर्षभर व्यायाम केला तो या मॅचसाठी, फक्त वेळेवर ये. म्हटलं, तुझ्याआधी पोहोचतो.

१७ नोव्हेंबर, दुपारी
चेन पडली. बसवली. परत पडली. डेंटिस्टने गाडी थांबवली. बसा म्हणाला, सायकल मागे टाकू. भला माणूस. पण एवढ्याशासाठी तत्त्व सोडायचं? नको म्हटलं. सायकल ढकलत पोहोचलो तोवर समोरच्या जोडीला पुढे चाल मिळाली होती. पंचांनी आमची नावं पुकारली होती म्हणे, पुन्हा पुन्हा.

बायको कोर्टच्या कडेला उभी होती. रॅकेट हातात, नीकॅप घट्ट बांधलेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बघ, एकही शटल वाया गेलं नाही. घरी आम्ही वेगवेगळे आलो.

२१ नोव्हेंबर
क्लबच्या सेक्रेटरींनी गाठलं. वहिनींनी पुढच्या स्पर्धेला एकेरीत नाव दिलंय, तुमचं काय करू म्हणाले. कळवतो म्हटलं. चेहरा असा ठेवला, जणू मला आधीच माहीत होतं.

घरी विचारलं. एकेरीत कुणाची वाट बघावी लागत नाही, म्हणाली. आवाज नेहमीचाच, मीठ दे म्हणाल्यासारखा. मी म्हटलं, उत्तम. माणसं कमी, शटलं कमी, पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच निर्णय. तिने रॅकेट घेतली आणि गाडीने गेली. नवीन शटलांचा डबाही नेला.

मी किटली ठेवली. पिशवीतलं एक शटल वाफेवर धरलं. बोट भाजतंय हे जरा उशिराच लक्षात आलं.