मोडांचे फडके

दिवेआगर,
ता. ९ ऑक्टोबर १९५७

चि. सौ. सत्यवतीस अनेक आशीर्वाद.

येथे सर्व ठीक आहे. म्हणजे माझी प्रकृती ठीक आहे. मध्यंतरी पित्ताने उचल खाल्ली होती, पण दोन दिवस ताकभातावर राहिलो आणि बसले. सुपारी या खेपेस बरी दिसते. अनंत चतुर्दशी झाल्यावर तू रेवसला भाऊरावांकडे गेलीस, त्याला महिना झाला. भावाकडे राहायचे तितके राहा, मी घाई करीत नाही.

पत्रास कारण पोपट. मोड कसे काढायचे ते जाताना तू सांगितलेस, मी पाठकोऱ्या कागदावर उतरूनही घेतले. मूग रात्रभर भिजवावे, फडक्यात बांधून टांगावे, सकाळ-संध्याकाळ धुवावे, मोड तांदळाएवढा झाला की द्यावे, फडके रोज उकळून उन्हात टाकावे. सगळे स्पष्ट आहे. फक्त एक विचारायचे आहे. फडके रेशमी असेल तर तेही उकळायचे काय?

मेथी करवंट्यांत पेरली आहे, बोटभर वर आली. वाडीतला माठ देत नाही; पावसात सुपारीवर मारलेला मोरचूद ओघळून खालच्या भाजीवर पडतो, हे लक्षात आहे. एवढे तरी माझ्या हातून नीट झाले.

आता रेशमाचे सांगतो. तू म्हणशील, यांना कोणी सांगितला होता शहाणपणा! सुती फडक्याला कोणाचाही हात लागला की ते बाद. मग पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. मी एकटा माणूस, पूजा करू की फडकी वाळवीत बसू? माझा पूजेत नेसायचा जुना रेशमी मुकटा फाटला होता. मुकट्याला विटाळ नाही, तो न धुता चालतो, हे मी मुंजीपासून ऐकत आलो. त्याचाच हातभर तुकडा काढला आणि मूग त्यात बांधले. आठ दिवस तोच तुकडा. तो एकदाही धुतला नाही. मनात म्हटले, सत्यवतीच्या हातचे मोडसुद्धा इतके शुद्ध नसतील.

नवव्या दिवशी पोपट पिसे फुगवून कोपऱ्यात बसला. शीळ बंद. खाली हिरवट पाणी. मी पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसलो. तो मेला तर कोणाला काय तोंड दाखवणार?

आपला वाडीतला गडी धर्मा सुपारी बघायला आला होता, त्याला हाक मारली. तो थेट स्वयंपाकघरात आला. इतक्या वर्षांत तो पडवीची पायरी चढला नव्हता, आणि मला ते तेव्हा कळलेसुद्धा नाही. त्याने खुंटीवरची पुरचुंडी काढली, नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली.

"मास्तर, हुंगा. बुरा धरलाय."

"अरे, मुकट्याचे कापड आहे ते. सोवळ्याचे."

"सोवल्याचं आसंल. पन धुतलंय कवा? ह्यो गू हाय का मूग, वलखत न्हाय."

त्याने मूग आणि फडके दोन्ही उकिरड्यात टाकले. पाणी उकळून गार करून द्यायला सांगितले, दोन दिवस नुसत्या साळी, आणि पिंजऱ्याला तीन बाजूंनी घोंगडी. मी मुकाट्याने सगळे केले. आज सकाळी पोपटाने चार साळी फोडल्या. अजून शीळ नाही. पण चोच मारायला लागला आहे, म्हणून तुला लिहायचे धाडस केले.

सत्यवती, माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झाला आहे. मी जे शुद्ध म्हणून जपले तेच त्या मुक्या जिवाला बाधले. मग मी आणखी काय काय असे न धुता, न हुंगता जपून ठेवले आहे? एकदा वाटते, हा रेशमाचा प्रश्न आहे, त्यात इतके पाहू नये. पुन्हा वाटते, पोपट गोदूचा आहे.

लिहिले नाव. तीन वर्षे या घरात ते घेऊ दिले नाही.

मला ठाऊक आहे तू रेवसला नाहीस. भाऊरावांचे कार्ड आले. तू दोन दिवस राहून लाँचने मुंबईस गेलीस, गोदूकडे सुखरूप पोचलीस, तिचे दिवस भरत आले आहेत, असे त्यांनी सरळ लिहिले आहे. मला माहीत असणार असेच त्यांना वाटले. कार्ड वाचून मी आधी रागावलो. मग जेवायला बसलो आणि ताटावरच ते पुन्हा वाचले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, तर माहेराला चोरून गाठोडे घेऊन तिच्या दारी जावे लागले. हे मी केले. तू काही चोरी केली नाहीस.

तिला आता प्रवास नको. पण सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन तिने इथे यावे. जावई परजातीचे, तो प्रश्न गावात निघेल. निघू दे. मला त्याचे उत्तर येत नाही, आणि येत नाही म्हणून तिला आणखी थांबवणार नाही.

एक अडचण आहे. लेकीला आणायचे तर बोलावणे जावयाच्या नावाने जायला हवे. कागद पुढ्यात घेतला, वर 'रा. रा.' एवढे लिहिले. मला त्यांचे नाव ठाऊक नाही. कोणी सांगू लागले की मी उठून वाडीत जात असे. भाऊरावांना विचारायची लाज वाटते. गोदूचा पत्ताही माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र त्यांच्याकडूनच पुढे येईल. उलट टपाली, सत्यवती, नाव तेवढे कळव.

गोदूचे वडील